मालक कुठं बसतात?

आमच्याकडच्या हॉटेलात शिरणारा माणूस पाटी वाचत नाही. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो विचारतो, "ताजं काय हाय?" कढईपाशी उभा असलेला कारागीर गल्ल्याकडे बघतो, गल्ल्यावरचे मालक कढईकडे बघतात, आणि त्या नजरानजरेतून गिऱ्हाइकाला सगळं कळतं. आलूबोंडे सकाळचे आहेत, समोसे त्याच्याही आधीचे आहेत आणि मिरचीभजे आता पडतीलच. मालक म्हणतात, "सारंच ताजं हाय भाऊ." गिऱ्हाईक म्हणतं, "मंग मिरचीभजेच द्या." खरं कोणीच बोललेलं नसतं, पण खरी माहिती पोचलेली असते.

पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, इथल्या माणसाचं ग्राहक म्हणून जे काही शिक्षण होतं ते असं. पाया पक्का असतो. मग हिंजवडीला नोकरीला लागलेला नातू त्याला पुण्यात बर्गर खायला नेतो. तिथं टोपी घातलेली एक मुलगी उभी असते. हा तिला विचारतो, "पोरी, ताजं काय हाय?" ती म्हणते, "सर, सगळंच फ्रेश आहे." आणि ते खरं असतं. पंचाईत इथून सुरू होते.

आमचे आबाजी म्हणजे माझ्या आत्याचे सासरे. माझ्याशी त्यांचं थेट नातं काही नाही, त्यामुळे मला रागवायचा हक्क त्यांना पुरेपूर आहे. आबाजी, आत्या, आतेभाऊ आणि मी अशी वरात त्या दुकानात शिरली. दुकानाचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. या दुकानांतलं एक झाकावं आणि दुसरं काढावं. आबाजींनी आत शिरताच मालकांना शोधायला सुरुवात केली. त्यांना रामराम घालायचा होता. आमच्याकडे मालकाला रामराम न घालता जो बाकड्यावर बसतो त्याला पाणीसुद्धा उशिरा मिळतं. इथं गल्ले तीन आणि तिन्हींवर पोरंपोरी. देवाचा फोटो नाही, उदबत्ती नाही, 'उधार बंद आहे' अशी पाटी नाही. ही पाटी नाही हे पाहून आबाजी घटकाभर खूश झाले. मग त्यांच्या ध्यानात आलं की उधार नाही म्हणायलाही कोणीतरी ओळखीचं लागतं.

शेवटी वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला एक मुलगा दिसला. आबाजींनी त्याला गाठलं.

"तुमी मालक काय?"

"नाही सर, मी शिफ्ट मॅनेजर."

"मंग मालक कवा येतात?"

"मालक येत नाहीत सर."

"बिमार हायेत काय?"

मुलगा गांगरला. "नाही सर, म्हणजे तसे मालक नसतात. सिस्टीम आहे."

आबाजी परत येऊन आम्हाला म्हणाले, "मालक बाहेरगावी हायेत. लेकराबाळावर दुकान टाकून गेले." आणि त्यानंतरचा सगळा वेळ त्यांनी त्या पोरांची राखण केली. कॅशवरची मुलगी म्हणाली, "सर, सोबत फ्राइज आणि कोल्ड्रिंक घेतलं तर मील होतं, करू का मील?" आबाजी म्हणाले, "आमचं राहू दे, तू जेवली काय?" तिला पाठ करायला दिलेल्या वाक्यांत याचं उत्तर नसावं. ती पहिल्यांदाच 'सर' न लावता म्हणाली, "चार वाजता ब्रेक आहे."

"चारले? तवरक उपाशी?"

मागच्या रांगेतला माणूस खाकरला. आबाजींनी वळून त्यालाही विचारलं, "तुमी जेवले काय?"

या प्रश्नांना हसणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की असली दुकानं जिथं जन्मली तिथल्या लोकांनाही ती सुरुवातीला पचली नव्हती. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोन भावांचं १९४० पासून हॉटेल होतं. गिऱ्हाइकानं मोटारीतच बसून राहायचं आणि वाढणाऱ्या मुलींनी मोटारीपर्यंत खाणं आणून द्यायचं, अशी तिथली रीत. १९४८ मध्ये भावांनी हॉटेल तीन महिने बंद ठेवलं. वाढणाऱ्या मुली कमी केल्या, ताटं-काटे-चमचे कमी केले, पदार्थ कमी करत करत नऊवर आणले. एकानं फक्त मांस भाजायचं, दुसऱ्यानं फक्त बन भरायचा, असं स्वयंपाकघर लावलं आणि १५ सेंटला बर्गर विकायला काढला. डिसेंबरात दुकान पुन्हा उघडलं. जुनी गिऱ्हाइकं आली, त्यांनी मोटारी लावल्या आणि हॉर्न वाजवत बसून राहिली. कोणी येईना. पैसे आपण द्यायचे आणि वर खिडकीपर्यंत चालतही आपणच जायचं, हे त्यांना कळेचना. काही काळ धंदा बसलाच. ती हॉर्न वाजवत बसलेली माणसं मला आमच्या भावकीतली वाटतात. खामगावच्या आडत्यापुढे बैलगाडी उभी करून हाक मारणारा शेतकरी आणि ते, यांत फरक फक्त इंधनाचा.

त्या गोष्टीचा पुढचा भाग तर आबाजींसाठीच घडल्यासारखा आहे. १९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक तिथं आला, दुकान पाहून भुलला आणि त्यानं गावोगावी शाखा काढायला घेतल्या. १९६१ मध्ये त्यानं २७ लाख डॉलर मोजून दोन्ही भावांकडून अख्खा धंदा नावासकट विकत घेतला. भावांचं मूळचं हॉटेल त्यांच्याकडेच राहिलं, पण त्याच्यावर स्वतःच्याच आडनावाची पाटी लावायची सोय राहिली नाही. त्यामुळे मालक कुठं आहेत हा आबाजींचा प्रश्न योग्यच होता, फक्त साठ वर्षं उशिरा आला होता.

हे सगळं मी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. आतेभावानं दुसरी वाट धरली. "आबाजी, ही कंपनी असते. कंपनीचे शेअर असतात. ज्यांच्याकडे शेअर ते मालक. हजारो लोक असतात."

"हजार भाऊ अन् एक हाटेल? वाटन्या कशा केल्या?"

"वाटण्या नाही होत आबाजी. आता माझ्याकडेच अशा एका बर्गरवाल्या कंपनीचे थोडे शेअर आहेत..."

वाक्य पुरं झालं नाही. आबाजींनी हातातला बटाटा खाली ठेवला.

"म्हंजे तू मालक हायेस?"

"तसं नाही हो."

"शेअर हाय नं?"

"आहे, पण..."

"मंग पैसे काहून दिले?"

याला उत्तर नव्हतं. आतेभाऊ चार वर्षं अभियांत्रिकी शिकलेला आहे, पण याला उत्तर नव्हतं. आबाजींची मात्र गाठ सुटली. मालक सापडले होते, घरचेच होते, आणि वयानं लहान असल्यामुळे त्यांना बोलता येत होतं. त्यांनी तिथल्या तिथं नातवाला सुनावलं की चटणीच्या पुड्या मोजून देणं बरं दिसत नाही, थंडीचं मशीन जास्त चालू आहे, आणि त्या पोरीला चारपर्यंत उपाशी ठेवणं हे आपल्या घराण्याला शोभत नाही.

खाणं संपलं. आपापला ट्रे उचलून, कागद कचऱ्यात टाकून, ट्रे वर रचून ठेवायची वेळ आली. ही तिथली रीत आहे हे कोणी सांगत नाही, आजूबाजूला पाहून शिकायचं. माझं स्वतःचं मत असं, की या दुकानांतला खरा भेदभाव शाकाहारी-मांसाहारी असा नसून ट्रे उचलणारे आणि न उचलणारे असा आहे. न उचलणारे मोबाइलवर बोलत निघून जातात. जणू फोन आला म्हणून ट्रे राहिला. आमच्याकडे पंगतीत पाहुणा पत्रावळ उचलायला नुसता वाकला तरी यजमान 'राहू द्या, राहू द्या' करत धावत येतो. पाहुण्यानं उष्टं काढलं तर घराची शोभा जाते. आबाजी डोळे वटारून बघत होते. पण आतेभावानं सगळ्यांचे ट्रे एकावर एक ठेवून उचलले तेव्हा ते शांत झाले. "मालकानं उचललं त काय होते," म्हणाले.

आता कोणी म्हणेल, गावाकडच्या माणसाला रांग, टोकन, ठरलेला पदार्थ ही शिस्तच नको असते. असं म्हणणाऱ्यानं शेगावला जाऊन यावं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे हेच आबाजी गजानन महाराजांच्या दर्शनबारीत तासन्‌तास इंच इंच सरकतात, आणि पुढच्याला ढकलत नाहीत. पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी पगार न घेता पाळीपाळीनं सेवेला येतात आणि लहानथोर सगळ्यांना 'माऊली' म्हणतात. 'माऊली, पुढं चला.' 'माऊली, इकडून.' फरशी पुसलेली, पाणी स्वच्छ, चप्पल ठेवायची जागा ठरलेली. महाप्रसादाला बसल्यावर पानात येईल ते घ्यायचं. ताजं काय हाय, असं तिथं कोणी विचारत नाही. काम इतकं नेटकं, की कोणत्याही बर्गर कंपनीनं आपले मॅनेजर शिकायला पाठवावेत. आणि हे सगळं आम्ही मुकाट्यानं पाळतो, कारण मालक कुठं बसले आहेत हे तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं. महाराजांनी १९१० साली समाधी घेतली, पण ते जागचे हललेले नाहीत याबद्दल आमच्या पंचक्रोशीत दुमत नाही. पुण्याच्या त्या मुलीला 'सर' ऐवजी 'माऊली' म्हणायला शिकवलं असतं तर आबाजींनी काही न बोलता मोठं मील घेतलं असतं.

आत्याची तऱ्हा वेगळी झाली. तो गुरुवार होता आणि आत्याचा गुरुवार असतो. तिनं भिंतीवरच्या चित्रांत बटाट्याच्या तळलेल्या काड्या पाहिल्या आणि आशेनं विचारलं, "हे उपासाले चालते काय?"

"मॅम, प्युअर व्हेज आहे."

"व्हेज त मीबी हाय बाई. उपासाचं विचारून रायली. मीठ कोनतं टाकता? शेंदेमीठ हाय काय? अन् याच तेलात अजून काय काय तळता?"

मॅनेजरला बोलावलं गेलं. तो प्रामाणिक मुलगा होता. त्यानं कबूल केलं की तेलाचं तापमान तो सांगू शकतो, बटाटा किती वेळ तळायचा ते सांगू शकतो, पण उपासाचं त्यांना शिकवलेलं नाही. आत्यानं पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढले. बाहेरचे पदार्थ आत आणू नयेत, ही पाटी बरोबर तिच्या डोक्यावर होती. मॅनेजरनं पाटीकडे पाहिलं, आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. तो घेऊन तो आत गेला. पाटीखाली खायचं नाही, एवढी शिस्त त्यानं पाळली.

खरं म्हणजे या कंपन्यांनी आपल्यासाठी काही कमी केलेलं नाही. १९९६ च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड भारतात आलं, आधी दिल्लीच्या वसंत विहारात आणि त्याच महिन्यात मुंबईला वांद्र्यात. ज्या कंपनीचं अख्खं नाव गोमांसाच्या बर्गरवर झालं तिनं इथं गोमांस आणि डुकराचं मांस वगळलं, मेयोनीजमधून अंडं काढलं, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची जागा, भांडी आणि माणसं वेगळी केली, आणि आलूच्या टिक्कीला पुढं केलं. आमच्याकडे सोवळं पाळणाऱ्या घरांतही हल्ली इतकं होत नाही. एवढं करून उपास तेवढा राहून गेला. भगरीचा बन आणि साबुदाण्याची टिक्की जो कोणी काढील त्याला आषाढी एकादशीला पंढरपुरात दुसरं काही करावं लागणार नाही.

बर्गर आला की शहरातला माणूस त्याचा फोटो काढतो. आमच्याकडचा माणूस तो उघडतो. बाजार समितीत गठ्ठा फोडून हात आत घालून कापूस बघायची सवय असते, ती जात नाही. आबाजींनी वरचा बन उचलून बाजूला ठेवला आणि मालाची तपासणी केली. "पानं कोबीची नाईत. कांदा बरा हाय. टमाट्याची फोड पाह्य, कागद हाय निरा." टोमॅटोबद्दल त्यांचं मन आधीच कलुषित होतं, त्याला कारण आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात नाशिककडे टोमॅटो किलोला एक-दोन रुपयांवर आला तेव्हा शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. जुलैत तोच शंभरी ओलांडून गेला, तेव्हा उत्तर भारतातल्या मॅकडोनाल्डच्या दुकानांत, चांगल्या प्रतीचा टोमॅटो पुरेसा मिळत नसल्यानं बर्गरमध्ये तो घालता येत नाही, अशी सूचना लागली. ऑगस्टमध्ये बर्गर किंगनं, टोमॅटोलाही सुट्टी लागतेच, अशा अर्थाची गोड भाषा केली. टोमॅटोची मोठी उलाढाल असलेलं पिंपळगाव म्हणजे पिंपळगाव बसवंत. आमचं पिंपळगाव राजा. कुरिअरवाले दोघांत घोटाळा करतात, व्यापारी कधीच करत नाहीत. पण बातमी वाचून आबाजींना राग आला तो आमच्या भागातल्या पिकाच्या भाषेत आला. "कापूस महागला म्हनून कोन्या दुकानदारानं बिनबाहीचा सदरा इकला काय?"

मालक नावाची गोष्ट बर्गरच्या धंद्यात अगदीच नाही असं नाही. पुण्यातच आहे. अनाहिता आणि शापूर इराणी या दांपत्याचं 'बर्गर किंग' तिथं १९९२ पासून चालू आहे. अमेरिकेच्या त्याच नावाच्या कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ मध्ये निघालं, पण नावासाठीचा दावा तिनं २०११ मध्येच पुण्यात लावून ठेवला होता. २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत इराण्यांना ते नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. एका बाजूला जगभर हजारो दुकानं, दुसऱ्या बाजूला नवरा-बायको. एका शहरात दोन राजे म्हटल्यावर इतकं रामायण झालं. आमच्या एका बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि पिंपळगाव राजा असे तीन राजे पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. सिंदखेड राजा तर जिजाऊंचं जन्मगाव, मान त्यांचा मोठा. पण त्यांनी आम्हाला कधी नोटीस धाडलेली नाही.

आणि घाईचं खाणं आम्हाला कोणी शिकवावं असंही नाही. मुंबई-हावडा मार्गावर शेगाव स्टेशन लागतं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी या स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली आणि आज ती गावाच्या नावानं ओळखली जाते. आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण, बाहेर खुसखुशीत पारी, सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. गाडी थांबते तेवढ्यात व्हायला हवं ते सगळं होतं: डब्यातल्यानं खिडकीतून हात काढायचा, विक्रेत्यानं पुडी ठेवायची, नोट घ्यायची, सुटे मोजायचे. गाडी हलली की विक्रेता पळतो. कधी गिऱ्हाइकाचे पैसे राहिलेले असतात म्हणून पळतो, कधी त्याचे. सॅन बर्नार्डिनोच्या भावांनी गिऱ्हाइकाला खिडकीपाशी चालायला लावलं. आमच्याकडे खिडकीच गिऱ्हाइकासकट चालायला लागते.

पिंपळगावात आता बर्गर मिळतो. बाजारात संध्याकाळी लागणाऱ्या एका गाडीवर. पाटीवर 'बरगर' लिहिलेलं आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही. बन बेकरीतला, टिक्की आलूबोंड्याच्याच सारणाची पण चपटी केलेली, त्यावर कांदा, पत्ताकोबी, लाल सॉस, लसणाची चटणी आणि वरून मूठभर शेव. मेयोनीजचा डबा आहे, पण "तो पांढरा माल नको टाकू" असं बहुतेक गिऱ्हाइकं सांगतात. काही जण बर्गरवर तर्री मागतात. मिळते. तर्रीत भिजलेला बर्गर हातानं उचलता येत नाही म्हणून प्लेट आणि चमचा मिळतो, म्हणजे १९४८ मध्ये जे जे काढून टाकलं होतं ते सगळं पिंपळगावात परत आलेलं आहे.

या गाडीवरचं गिऱ्हाईक पाहण्यासारखं असतं. पुण्यात जो माणूस स्क्रीनवर बोट ठेवायला बिचकतो तो इथं तव्याच्या मागं जाऊन उभा राहतो. "बन अजून शेक." "तेल सकायचं हाय काय रे?" "कांदा टाकताना हात काहून आखडते तुया?" एक जण रोज भाव विचारतो. भाव बदललेला नाही हे त्याला माहीत असतं, पण विचारलं नाही तर मालकाला वाटेल की आपल्याला परवडतं. एक गुरुजी एकच बर्गर घेऊन त्याचे चार भाग करायला लावतात आणि चारही भागांवर शेव बरोबरीनं पडली की नाही हे स्वतः तपासतात. कॉलेजातल्या मुली 'चीझवाला' मागतात आणि चीझ दिसलं नाही तर तिथल्या तिथं त्याचा हिशेब होतो. मालक सगळ्यांना तोंड देत असतो, एका हातानं तवा आणि दुसऱ्यानं वही सांभाळत. वहीत उधारी. मत देण्याची पद्धतही वहीप्रमाणेच चालते: ज्याच्या नावापुढं आकडा मोठा त्याचं मत परखड. रोख देणारे बिचारे खाऊन गुमान निघून जातात.

पुण्याच्या दुकानाकडे अशी वही नाही. त्याऐवजी बिल झाल्यावर आतेभावाच्या मोबाइलवर विचारणा आली: आपला अनुभव कसा होता? तोवर आम्ही दाराशी पोचलो होतो आणि आबाजी थांबले होते, कारण दरवाजावरचा सिक्युरिटीवाला मेहकरकडचा निघाला. एवढ्या मोठ्या काचेच्या दुकानात अखेर एक माणूस सापडला. सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी, नांदुऱ्याला कोणाकडे दिलेली बहीण, असं सगळं झालं. दार उघडायचं काम त्यामुळे आबाजींनाही थोडं करावं लागलं, ते त्यांनी प्रत्येकाला 'या, या' म्हणत केलं. तेवढ्यात आतेभावानं विचारलं, "आबाजी, किती स्टार देऊ?"

"स्टार बिर राहू दे, लिही." आणि त्यांनी सांगितलं: पोरगी गुणाची आहे, तिला जेवायला वेळेवर सोडावं. बन मऊ. तिखट नाही. दारावरचा माणूस चांगल्या घरचा आहे, त्याला बसायला स्टूल द्यावं. मालकांची भेट झाली नाही.

हे शेवटचं का, असं आतेभावानं विचारलं नाही. त्यानं सगळं टाइप केलं आणि पाठवलं. लगेच उत्तर आलं की तुमच्या प्रतिसादाबद्दल आभार, तो संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे. आतेभावानं वाचून दाखवलं. आबाजींनी थोडा विचार केला आणि सिक्युरिटीवाल्याकडे वळून म्हणाले, "हे संबंधित कोन्या गावचे?"

आबाजी गावी परत आले. पुण्याहून काय पाहून आलात, असं विचारणाऱ्यांना त्यांनी नदी-पूल-मेट्रो काही सांगितलं नाही. नातवाचा पुण्यात बर्गरच्या हाटेलात हिस्सा आहे, एवढंच सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. पण हिस्सा पिंपळगावातून निघून नांदुऱ्याला पोचेपर्यंत निम्मा झाला आणि मोताळ्याला पोचला तेव्हा अख्खा होता. आतेभावाचं लग्न दोन वर्षं अडलेलं होतं. इंजिनीअर म्हटल्यावर मुलीकडचे हल्ली विचारात पडतात, कंपनी कधी घरी बसवील सांगता येत नाही. हॉटेल म्हटल्यावर मात्र लगोलग निरोप आला.

मंडळी पोरगा पाहायला आली. पोहे झाले, चहा झाला. आतेभावानं पगार सांगितला, हिंजवडीचं ऑफिस सांगितलं, घरून काम करायची सोय सांगितली. मुलीचे वडील सगळं ऐकत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"नोकरीचं ठीक हाय. आज हाय, उद्या नाई. हाटेलचा सातबारा कोनाच्या नावावर हाय?"

आतेभावानं तोंड उघडायच्या आत आबाजी म्हणाले, "सामाईक हाय. भाऊबंद लय हायेत."